डॉल्फिनच्या आकाराचा पैसा

वाचकहो, चौकोनी पाच पैसे आणि पाकळ्यांच्या काठाचे दहा पैसे आपल्यापैकी पुष्कळांनी हाताळले आहेत. पण डॉल्फिनच्या आकाराचा पैसा कधी पाहिलात का? सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ओल्बिया या ग्रीक शहरात तो चालत होता.

काळ्या समुद्राच्या उत्तरेस, बुग नदीच्या मुखाशी हे शहर वसले. त्याचे अवशेष आज युक्रेन देशात आहेत. भोवतालची जमीन धान्याची. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो, की तिकडचे काही शेतकरी खाण्यासाठी नव्हे, तर विकण्यासाठी धान्य पिकवीत.

जहाजभर धान्याचा सौदा सोन्याचांदीत होईल. पण मूठभर मीठ किंवा चार मासे घ्यायचे तर? तिथे मोडच हवी. ओल्बियाने ती काशाची केली. काशे म्हणजे तांबे व कथील यांचा मिलाफ. पाय घासायची काशाची वाटी आपल्या ओळखीचीच आहे. इतर ग्रीक शहरे बहुधा ठशावर घाव घालून नाणी पाडीत. ओल्बियाने साच्यात रस ओतून ती घडवली. डॉल्फिनांनंतर मोठी गोल ओतीव नाणी आली. त्यांतली थोरली शंभर ग्रॅमहून जड! काहींवर धान्याची देवी डिमिटर, मागे डॉल्फिनवर बसलेला गरुड. पुढे नाणी लहान व हलकी झाली.

मग हलके नाणे व्यापारी घेणार का? म्हणून इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात शहराने कायदा दगडावर कोरला: खरेदी-विक्री शहराच्याच काशाच्या व चांदीच्या नाण्यांत करावी. परक्या नाण्यावर माल विकणाऱ्याचा माल जाई, घेणाऱ्याचे पैसे जात. सोन्याचांदीची परकी नाणी बदलायची तर ती सभेच्या ठरलेल्या जागी, सर्वांसमक्ष.

इसवी सनापूर्वी ३३१ च्या सुमारास सिकंदराचा सरदार झोपिरियन याने शहराला वेढा घातला. तेव्हा ओल्बियाने गुलामांना मुक्त केले, परक्यांना नागरिक केले, कर्जे माफ केली आणि शहर वाचवले. त्यानंतरच्या काळातल्या काशाच्या नाण्यांवर बोरिस्थेनिस या नदीदेवाचे मुख दिसते. ही नदी म्हणजे आजची नीपर.

तेव्हा वाचकहो, जुना ढबू पैसा हाती आला तर तो मोडीत घालू नका. चांदीचे नाणे सावकाराची गोष्ट सांगते. बाजारहाट करणाऱ्या घराची गोष्ट सांगायला हलका पैसाच लागतो.