मेळघाटांतील सहकुटुंब मुक्काम

दिवाळीची सुटी जवळ येऊं लागली म्हणजे नांदगांव पेठ येथील बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो : यंदा कोठें जावयाचें? मुलांस रान पाहावयाचें असतें, तंबूंत निजावयाचें असतें, शेकोटीभोवतीं बसून गोष्टी ऐकावयाच्या असतात. आजींस मात्र रात्रीं पिण्याचें पाणी कोठें मिळेल याची काळजी. आमच्या मतें ह्या दोन पक्षांपैकीं आजींचा पक्ष अधिक शास्त्रशुद्ध आहे, व हा लेख आम्ही बव्हंशीं त्याच बाजूनें लिहीत आहों.

रान म्हणजे आमच्या बाजूस मेळघाटच. नांदगांव पेठेहून अमरावती, तेथून वलगांव व आसेगांवावरून परतवाडा, आणि परतवाड्यापुढें घटांगचा घाट चढून सेमाडोह, असा हा मार्ग आहे. अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. परंतु परतवाडा सुटतांच कपाशीची काळी जमीन व संत्र्यांच्या बागा मागें पडतात, आणि सातपुड्याच्या गाविलगड रांगेंतील सागवान सुरू होतें. अनेक घाटांचा जेथें मेळ होतो तो मेळघाट, अशी नांवाची फोड सांगतात. खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार ह्या पांच नद्यांचें पाणी ह्या डोंगरांतून वाहत शेवटीं तापीस मिळतें. सेमाडोह व त्यापुढील कोलकास हीं मुक्कामाचीं दोन्ही ठिकाणें सिपनेच्या कांठीं आहेत. सिपना ह्या शब्दाचा अर्थ कोरकू भाषेंत साग असा होतो.

हें रान मन मानेल तसें राहण्याचें ठिकाण नव्हे, ही गोष्ट मुलांस प्रथम समजावून द्यावी. 1973 सालीं देशांत व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटची गणना झाली. पुढें 1987 सालीं त्यांतील सुमारें 361 चौरस किलोमीटरांचें गुगामल राष्ट्रीय उद्यान झालें. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशा ठिकाणीं परवान्यावांचून प्रवेश नाहीं, शस्त्र नेण्यास मनाई आहे, आणि रानास धोका होईल अशा रीतीनें विस्तव पेटविणें हा गुन्हा आहे. तेव्हां मोटारींत तंबू टाकावा व वाटेंत जागा आवडेल तेथें ठोकावा, ही कल्पना घरींच सोडलेली बरी. तंबू, कुटी वा विश्रामगृह, जें मिळेल तें वनखात्यानें नेमलेल्या जागींच, व तेंही आगाऊ आरक्षण करून. आरक्षण आतां घरबसल्या इंटरनेटवरून होतें. परंतु जागा थोड्या व मागणारे पुष्कळ, म्हणून सुटीच्या बऱ्याच आधीं हें काम उरकावें.

आपल्याकडेच एवढे निर्बंध कां, असें कोणी विचारील. अमेरिकेंतील यलोस्टोन हें जगांतील पहिलें राष्ट्रीय उद्यान 1872 सालीं झालें. तेथेंही मोटारीनें येणाऱ्या कुटुंबांस नेमलेल्या तळांवरच तंबू ठोकावे लागतात. शिवाय अस्वलें वासानें ओढलीं जातात म्हणून तंबूंत खाद्यपदार्थ ठेवूं देत नाहींत. मेळघाटांतही अस्वल आहे, आणि आमच्या मुलांच्या उशाखालीं चिवड्याची पुडी हटकून असते. हा नियम येथें कोणी सांगितला नाहीं तरी आपण होऊन पाळावा.

ऋतूची निवड नीट केली पाहिजे. पावसाळ्यांत चिखलदऱ्याच्या पठारावर धुकें व धबधबे पाहण्यास गर्दी लोटते, पण रानाच्या गाभ्यांतील पर्यटनमार्ग त्या दिवसांत बंद असतात. उन्हाळ्यांत पाणवठे थोडे उरतात, त्यामुळें जनावरें दिसण्याचा संभव अधिक. वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करण्याची चाल याच कारणानें पडली आहे. परंतु तेव्हां साग निष्पर्ण असतो, पाचोळा वाळून कोळ झालेला असतो, आणि एका ठिणगीनें डोंगरच्या डोंगर पेटतो. मोहाचीं फुलें गळूं लागलीं म्हणजे पहाटे त्या झाडाखालीं अस्वल येतें व फुलें वेंचणारीं माणसेंही तेथेंच येतात. दोघांची अकस्मात् गांठ पडली म्हणजे काय होतें तें त्या खेड्यांतील लोकांस विचारावें. लहान मुलें बरोबर असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने योग्य.

ह्या महिन्यांतील थंडीची मात्र नांदगांव पेठच्या माणसास कल्पना येत नाहीं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1100 मीटरांहून उंच आहे, व वैराटचें शिखर 1178 मीटरांवर. कोलकास व सेमाडोह त्याहून पुष्कळ खालीं, तरीही तेथें पहाटे हुडहुडी भरते. कारण रात्रीं गार झालेली जड हवा उतारावरून घसरत दरींत सांचते. अशा वेळीं लोक अंगावर पांघरुणें वाढवीत जातात. खरें पाहतां जमीनच शरीराची ऊब अधिक ओढून नेते. तंबूंत निजणें झालें तर दोन गोधड्या असतां दोन्ही अंगावर न घेतां एक खालीं घालावी.

सकाळीं मुलांस लवकर उठवावें, व वाटाड्यास रानपिंगळ्याविषयीं विचारावें. हें लहानसें घुबड दिवसाउजेडीं हिंडतें. 1884 नंतर शंभरांहून अधिक वर्षें तें कोणास निश्चित असें आढळलें नव्हतें, व तें नष्ट झालें असें पंडित मानीत होते. 1997 सालीं अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांस तें खानदेशांत शहाद्याजवळ दिसलें. पुढें मेळघाटांतही सांपडलें. वाघ न दिसल्यानें हिरमुसलेल्या मुलास ही गोष्ट अवश्य सांगावी. वाघ दिसेलच असें वचन तर वडील माणसांनीं मुळींच देऊं नये.

आतां प्रवासाच्या आंखणीविषयीं. ती सकाळपासून पुढें न करतां सूर्यास्तापासून मागें करावी. डिसेंबरांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, डोंगराआड त्याच्याही आधीं. चारास मुक्कामीं पोंचलें म्हणजे उजेडांत जागा पाहतां येते, शौचकूप व पाणी कोठें आहे तें वृद्धांस दाखवितां येतें. घाटांत मुलांस मळमळतें, दोनदां थांबावें लागतें. म्हणून परतवाडा दीडपर्यंत सोडावा, आणि त्यासाठीं घरून नवास निघावें. परतवाडा हा वाटेंतील शेवटचा मोठा बाजार. पेट्रोल, औषधें, सुटे पैसे तेथेंच घ्यावे. पुढें मोबाईल बऱ्याच ठिकाणीं मुका होतो. मुक्काम कोठें, परत कोणत्या दिवशीं, हें कागदावर लिहून शेजाऱ्यांजवळ ठेवावें.

पाण्याचा हिशेब दरडोई दिवसास चार लिटर धरावा. म्हणजे सहा माणसांस दोन दिवसांचें 48 लिटर. मुक्कामाच्या जागीं शुद्ध पाणी आहे असें कळलें तरी निम्मा सांठा बरोबर असावा. नदीचें पाणी उकळल्यावांचून पिऊं नये, व डोहांत उतरूं नये. गडगा व डोलार ह्यांच्या डोहांत 1990 व 1991 सालीं मगरी सोडलेल्या आहेत. शिदोरी विस्तवाची गरज न लागणारी असावी. आमच्या आया-आज्यांना हें शास्त्र पूर्वींपासून अवगत आहे. दुधांत भिजविलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात; त्यांबरोबर तिळाची चटणी, सातूचें पीठ व गूळ घेतला म्हणजे चुलीची आठवण होत नाहीं.

रात्रीच्या भयांत मुलें वाघाचा विचार करतात. आम्हांस मण्यारीचा करावासा वाटतो. हा साप रात्रीं फिरतो व जमिनीवर निजलेल्यास चावतो. दंश इतका सूक्ष्म कीं, झोंपलेलें मूल जागेंही होत नाहीं. पहाटे त्याचें पोट दुखूं लागतें, पापण्या जड होतात, बोलणें अडखळतें. आणि आई म्हणते, काल खाणें अधिक झालें असेल. अशा वेळीं ओवा व हिंग देत बसूं नये, मांत्रिकही शोधूं नये. तत्काळ मोटार काढून धारणी वा अचलपूर यांपैकीं जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे निघावें, कारण प्रतिविष हाच त्यावर उपाय आहे. रुग्णालय कोठें व रस्ता कोणता, हें पोंचतांच विचारून ठेवावें. बाजेवर निजून मच्छरदाणी अंथरुणाखालीं नीट खोंचली तर हिंवतापाचे डांस व मण्यार दोघांचाही बंदोबस्त होतो. तंबू असेल तर त्याची सांखळी रात्रभर बंद राहिली पाहिजे, मग बाहेर चांदणें कितीही सुंदर पडो.

रानांत मधूनच सपाट, गवताळ मोकळ्या जागा लागतात. तेथें सांबर चरतात, क्वचित् गवेही दिसतात. त्यांपैकीं कित्येक जागा पूर्वीं शेतें होतीं. व्याघ्रप्रकल्पासाठीं बोरी, कोहा, कुंड हीं कोरकूंचीं गांवें चालू शतकाच्या आरंभीं उठविण्यांत आलीं, व त्यांमागून आणखीही गांवें अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानांत नेण्यांत आलीं. नव्या ठिकाणच्या गैरसोयींस कंटाळून कांहीं कुटुंबें मध्यंतरीं परत रानांत गेलीं, व 2019 च्या जानेवारींत त्यांची सरकारी माणसांशीं चकमकही झाली. आपण जेथें दोन रात्री हौसेनें राहतों तेथें पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांस निघावें लागलें आहे, हें गवत पाहतांना मुलांस सांगण्यास हरकत नाहीं. तीं प्रश्न विचारतील. त्यांचीं उत्तरें सोपीं नाहींत, पण प्रश्न योग्य आहेत. मुक्कामास जवळ असलेल्या खेड्यांत कोदो, कुटकी वा मध विकावयास असल्यास तेथूनच घ्यावा, वाटाड्या गांवचाच करावा, आणि कोरकू मुलांचीं छायाचित्रें त्यांच्या आईबापांस विचारल्यावांचून काढूं नयेत.

परततांना कागद, बाटल्या, पिशव्या, सर्व कांहीं मोजून मोटारींत घालावें. केळ्याच्या सालीही टाकूं नयेत, वानरें त्यानेंच माणसांच्या अंगावर येण्यास शिकतात. शेकोटी राहून गेली म्हणून मुलें रुसलीं असतील, व दिवस पौष-माघाचे असतील, तर परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्यानें थोडी वांकडी वाट करून बहिरमच्या यात्रेंत जावें. ती डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत भरते. तेथें गोवऱ्यांच्या आरांत भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी व वरण मिळतें, आणि विस्तवाजवळ हवें तितकें बसतां येतें.