रानवाटा आणि दुचाकी



शाळेच्या मागील टेकडीवरून ओढ्याकडे उतरणारी पायवाट तुम्हां सर्वांस ठाऊक आहे. गेल्या दोन वर्षांत तुमच्यापैकीं कित्येकांस जाड टायरांच्या व गिअरच्या सायकली मिळाल्या, आणि शाळा सुटतांच त्या वाटेनें खालीं भरधाव जाण्याचा छंद मुलांस जडला. वाटेचीं वळणें नकोत म्हणून कोणीं तरी सरळ खालीं जाणारी आडवाट पाडली. पावसाळा लागला तसें टेकडीवरील पाणी त्याच आडवाटेनें धांवूं लागलें, आणि भाद्रपद संपण्याच्या आंत तेथें गुडघाभर खोल घळ पडली. एके सकाळीं गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या एका मावशींचा पाय त्या घळींत मुरगळला व त्यांस महिनाभर घरीं बसावें लागलें. "सायकली बंद करा," असें कांहीं पालकांनीं सुचविलें. त्यांचा राग रास्त होता. परंतु निकाल देण्यापूर्वीं इतर देशांतील लोकांनीं हा प्रश्न कसा सोडविला हें पाहावें, असें आम्हांस वाटलें. तीच हकीकत येथें सांगावयाची आहे.

डोंगरी सायकलीचा खेळ फार जुना नव्हे. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरिन नांवाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील कांहीं तरुण जुन्या, जड सायकली दुरुस्त करून डोंगरावर नेत व कच्च्या रस्त्यानें खालीं येत. ता. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं पहिली शर्यत लाविली. या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या मध्यभागीं असे. उतार इतका तीव्र होता कीं, ब्रेकमधील ग्रीस तापून जळून जाई व तें दर खेपेस नव्यानें भरावें लागे. इंग्रजींत पुन्हां भरण्यास 'रिपॅक' म्हणतात. तेंच त्या रस्त्याचें नांव पडलें. पुढील वर्षीं जो ब्रीझ यानें मुद्दाम अशा वाटांकरितां सायकलीचा सांगाडा तयार केला, आणि इ. स. १९९६ मध्यें अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळालें. वीस वर्षांत खेळ जगन्मान्य झाला. मात्र खेळासाठीं लागणारी वाट कोणाची, व ती कोणीं राखावयाची, हा प्रश्न मागें उरला.

याचें एक उत्तर न्यूझीलंडमध्यें पाहावयास मिळतें. त्या देशाच्या दक्षिण बेटाच्या वायव्य कोपऱ्यांत कहुरंगी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांतून सुमारें ७८ किलोमीटर लांबीची हीफी वाट जाते. प्रथम ती दाट अरण्यांतून चढते, मग गवताळ पठार ओलांडते, पुढें हीफी नदीच्या कांठानें उतरते आणि शेवटीं समुद्राच्या लाटांशेजारून निकाऊ नांवाच्या ताडजातीच्या वृक्षांच्या छायेंतून जाते. आमच्या कोंकणच्या माणसास त्या किनाऱ्याचें चित्र पाहून माडांच्या राईची आठवण व्हावी. माओरी लोक पौनामू नामक हिरव्या मौल्यवान दगडाच्या शोधार्थ या किनाऱ्यानें पूर्वापार ये-जा करीत. इ. स. १८४६ मध्यें ब्रुनर व हीफी हे दोन इंग्रज याच बाजूनें गेले, तेव्हां त्यांस वाट दाखविणारा केहू हा माओरी होता. नांव हीफीचें राहिलें. पाऊल मात्र आधींचें होतें.

इ. स. १९९६ मध्यें हें राष्ट्रीय उद्यान झालें, तेव्हां सायकलींस तेथें मज्जाव झाला. इ. स. २०११ पासून त्या पुन्हां येऊं लागल्या, परंतु अटींवर. ता. १ मे ते ३० नोव्हेंबर या काळांतच सायकल न्यावी. तेव्हां तिकडे थंडीचे व वसंताचे दिवस असतात. उन्हाळ्यांत पायीं जाणारांची गर्दी असते, तेव्हां वाट त्यांची. रात्रीं सायकल चालवूं नये, हा दुसरा नियम. त्याचें कारण ऐकून तुम्हांस नवल वाटेल. त्या रानांत मुठीएवढ्या शंखाच्या गोगलगायी आहेत. त्या गांडुळें खातात व रात्रीं बाहेर पडतात. किवी हा न उडणारा पक्षीही रात्रींच हिंडतो. एका गोगलगायीसाठीं माणसानें आपली मौज आवरती घ्यावी, ही गोष्ट आम्हांस थोर वाटते.

त्याच प्रदेशांत 'ओल्ड घोस्ट रोड', म्हणजे जुना भुतांचा रस्ता, या नांवाची दुसरी वाट आहे. एकोणिसाव्या शतकांत सोनें शोधणाऱ्या खाणकऱ्यांनीं लायेल गांवापासून मोकिहिनुई नदीकडे रस्ता काढावयास घेतला. दोन्ही टोकांकडून काम सुरू झालें, पण सोनें संपलें आणि मधला भाग जोडलाच गेला नाहीं. शंभरांहून अधिक वर्षें तो रानांत बुडून राहिला. पुढें स्थानिक लोकांनीं स्वयंसेवकांच्या मदतीनें तो शोधून काढून पुरा केला. इ. स. २०१५ च्या डिसेंबरांत ८५ किलोमीटरांची ही वाट खुली झाली. तिच्या खालच्या भागीं नदीची खोल दरी आहे. तेथें विजेसाठीं मोठें धरण बांधण्याचा बेत होता, तो इ. स. २०१२ मध्यें सोडून देण्यांत आला, म्हणून ही दरी आज वाहत्या नदीसह पाहावयास मिळते.

आतां अशा वाटा पावसांत टिकतात कशा, तें सांगतों. वाटेचा खरा शत्रू चाक नव्हे; पाणी होय. वाट उतारास सरळ छेदून खालीं गेली कीं पाणी तिलाच आपला पाट करतें. म्हणून जाणते लोक वाट टेकडीच्या अंगास आडवी, वळणें घेत नेतात. टेकडीचा जितका उतार असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा उतार अधिक नसावा, व एकंदरींत शंभर हातांमागें दहा हातांहून अधिक चढ असूं नये, असा त्यांचा ठोकताळा आहे. वाटेची दरीकडील कड किंचित् खालीं ठेवितात, म्हणजे पाणी वाटेवरून आडवें निघून जातें. शिवाय उतरणारी वाट मधूनमधून थोडी वर चढवितात; त्या खोलगट जागीं पाणी बाहेर पडतें. चालविणारानेंही ब्रेक एकदम दाबून मागील चाक फरफटत नेऊं नये, कारण त्या ओरखड्यांतूनच पुढें घळ होते. चिखलांत सायकल नेऊं नये, आणि पायीं येणारा समोर दिसतांच थांबून त्यास वाट द्यावी.

हें सारें वाचून झाल्यावर कांहीं मुलांस घेऊन आम्ही त्या मावशींच्या घरीं गेलों. मुलांनीं त्यांची क्षमा मागितली व ती वाट कायमची बुजवूं, असें सांगितलें. त्या म्हणाल्या, "मास्तर, आडवाट बुजवा, पण वाट बंद करूं नका. मला तरी दुसरी कोठें आहे? ती नीट करून द्या, म्हणजे झालें."

नाताळच्या सुटीपूर्वीं चार शनिवार मुलांनीं कुदळ-फावडें हातीं घेतलें. घळींत दगड भरले, आडवाटेच्या तोंडाशीं कांटेरी फांद्या टाकल्या, आणि जुन्या वाटेचीं वळणें पुन्हां मोकळीं करून तिची बाहेरील कड उतरती केली. सायकलींस परवानगी आहे. मात्र पावसाळ्याचे चार महिने नाहीं, आणि सकाळीं गवतवाल्यांच्या वेळीं नाहीं. हे नियम मुलांनींच ठरविले आहेत. काम कितपत साधलें, तें आम्ही आज सांगूं शकत नाहीं. त्याची परीक्षा येत्या मृगाचा पाऊस घेईल.