परसातील काजू : निवड आणि खबरदारी

मार्च उजाडला की पेडणे व डिचोली तालुक्यांतील डोंगरउतारांवर बोंडूंचा आंबूस गंध दरवळू लागतो. त्याच सुमारास बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात ओठ पोळलेली मुलेही येऊ लागतात. परसात काजू लावू इच्छिणाऱ्या वाचकांनी या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेले हे झाड आज गोमंतकीय जीवनाशी पूर्णपणे एकरूप झाले आहे. तरीही ते विकत घेताना आपण आंब्याच्या कलमाइतकी चिकित्सा करीत नाही. मीही केली नव्हती. पेडण्यातील घराच्या परसासाठी मी रस्त्यावरील एका फिरत्या विक्रेत्याकडून पाच ‘कलमे’ घेतली. पाचव्या वर्षी हाती आल्या त्या बारीक बिया, आणि एका झाडाला तर मोहोरच नव्हता. ती कलमे नव्हतीच, बियांपासून उगवलेली रोपे होती. काजूत परपरागीकरण मोठ्या प्रमाणावर होत असल्याने बीपासूनचे झाड मातृवृक्षाचे गुण घेईलच असे नाही. रुग्णाचा पूर्वेतिहास विचारणाऱ्या मी रोपाचा पूर्वेतिहास विचारला नव्हता!

खऱ्या मृदुकाष्ठ कलमाच्या खोडावर खुंट आणि कलमकाडी यांचा सांधा स्पष्ट दिसतो. तो भक्कम जुळलेला असावा. पाने निरोगी असावीत, मुळे पिशवीतच गुंडाळलेली नसावीत. जून-जुलैत लावताना सांधा मातीच्या वर ठेवावा, त्यावरील प्लास्टिकची पट्टी सोडवावी आणि सांध्याखालून फुटणारे कोंब वेळोवेळी काढावेत. अन्यथा कलम मागे पडते आणि खुंटच वाढत जातो.

जातींचा विचार करता, वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राची ‘वेंगुर्ला-४’ ही जात १९८१ साली, तर ‘वेंगुर्ला-७’ १९९७ साली प्रसारित झाली. पहिलीची बी सुमारे पावणेआठ ग्रॅमची, दुसरीची सुमारे दहा ग्रॅमची असते. दोन्हींत गराचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आहे. जुने गोवे येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थेने बाळ्ळी येथील झाडातून निवडलेली ‘गोवा-१’ ही आपल्या मातीतील जात होय. कलमे अशा संस्थांतून वा मान्यताप्राप्त रोपवाटिकेतूनच घ्यावीत व जातीचे नाव पावतीवर लिहून घ्यावे.

आता जागेविषयी. दोन झाडांत सात ते आठ मीटर अंतर हवे, हे बागायतदार सांगतात. झाड मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावे, ही भर माझी. काजूच्या फांद्या जमिनीलगत पसरतात आणि बोंडू मुलांच्या सहज हाती लागतो.

डिचोलीकडील आठ वर्षांच्या एका मुलाला एप्रिलमध्ये माझ्याकडे आणले होते. ओठांवर फोड, हनुवटीवर काळपट डाग. घरच्यांना औषधाची प्रतिक्रिया वाटत होती. त्याने ओली बी दातांनी फोडली होती. टरफलातील तेलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही दाहक द्रव्ये असतात. काजू हा बिब्ब्याच्याच कुळातला, हे विसरून चालत नाही. तेल लागल्यास साबण व भरपूर पाण्याने त्वरित धुवावे, हात डोळ्यांना लावू नयेत. अंगणात बिया भाजताना धुरापासूनही मुलांना दूर ठेवावे.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खा गर देऊ नये. तो श्वासमार्गात अडकू शकतो. काजू खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठांना सूज, उलटी वा धाप दिसल्यास ‘उष्णता झाली’ म्हणून घरी थांबू नये. ही तीव्र ॲलर्जी असू शकते. सहकारी डॉक्टरांनी अशा वेळी ॲड्रेनॅलिन देण्यास विलंब करू नये आणि पिस्त्याविषयी अवश्य विचारावे, कारण या दोन्हींची ॲलर्जी बहुधा एकत्र आढळते.

मी ती पाचही झाडे काढली आणि सांधा तपासून दोनच कलमे लावली, तीही परसाच्या दूरच्या कडेला. दर हंगामात त्यांच्या सावलीत शेजारची मुले जमतात. बोंडू त्यांचा, बी मात्र थोरांच्या टोपलीत, हा आमच्या परसाचा नियम आहे. प्रत्येक परसात तो असावा, एवढीच विनंती.