गच्चीवर सांडलेले डिझेल

पायाला डांबर लागले, तर साबण कितीही घासा, ते निघत नाही. चमचाभर रॉकेलने मात्र लगेच सुटते. डांबर आणि रॉकेल दोन्ही खनिज तेलातून निघणारी; एक दुसऱ्यात सहज विरघळते. नेमके हेच गच्चीवरही घडते, आणि घरातल्यांच्या ते ध्यानात येते खालच्या खोलीचे छत ओले झाल्यावर!

गळती थांबवण्यासाठी पुष्कळ गच्च्यांवर डांबरी शीट, म्हणजे कंत्राटदारांचे 'मेम्ब्रेन', गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवतात. जाडी साधारण 3 ते 4 मिलिमीटर. पाण्याला ही शीट दाद देत नाही, सौम्य आम्लालाही नाही. पण जनरेटरमधून डिझेल ठिबकत राहिले, किंवा रंगाऱ्याने ब्रश धुतलेले टर्पेंटाइन तिथेच ओतले, की ती मऊ पडते आणि सांध्यांवर सुटू लागते. जाड शीट घेतल्याने हे टळत नाही, लांबते इतकेच.

अॅसिडचे उलटे आहे. फरशी उजळायला अॅसिड ओतले की फसफसून फेस येतो. मळ निघाला म्हणून आपण खूश होतो. प्रत्यक्षात सिमेंटमधला चुना खाल्ला जात असतो. खालची शीट शाबूत राहते, वरचा कोबा मात्र झिजतो.

मग रबराची शीट घ्यावी का? मोटारीच्या दाराला असते त्याच जातीचे, ईपीडीएम नावाचे रबर छतासाठीही मिळते. ऊन, आम्ल, अल्कली यांना ते चांगले पुरून उरते. पण खाणावळीच्या धुराड्यातून गच्चीवर तेलकट थर बसत असेल तर हेच रबर फुगते. तिथे पीव्हीसी शीट बरी. तिचीही एक खोड आहे: तिला मऊ ठेवणारे तेलासारखे द्रव्य डांबराच्या स्पर्शाने निघून जाते आणि ती जुन्या रेनकोटसारखी कडक होऊन तडकते. म्हणून जुन्या डांबरावर ती थेट अंथरत नाहीत, मध्ये जाड कापडाचा थर देतात.

जनरेटरखाली काठ असलेला पत्र्याचा ट्रे ठेवावा. तरीही डिझेल सांडलेच, तर लाकडाच्या भुशाने टिपून साबणाच्या पाण्याने पुसावे. रॉकेलचा बोळा चुकूनही फिरवू नये. आणि किती वर्षांची गॅरंटी, हे विचारण्याआधी गच्चीवर काय काय ठेवणार ते कंत्राटदाराला सांगावे. रसायनांनी झालेले नुकसान गॅरंटीच्या कागदातून बहुधा वगळलेले असते.