पाठीचे दुखणे आणि उपचाराचा हात

माझ्या वडिलांनी नागपुरात इतवारीला पाठीवर धान्याची पोती वाहिली. कंबर धरली की ते सरकारी दवाखान्यात जात आणि गोळ्या घेऊन परत येत. "हात लावून पाहिलं का?" आई विचारी. बहुधा लावलेला नसे. ज्यांच्या पिढ्यांना स्पर्श नाकारला गेला, त्यांच्या घरात हा प्रश्न साधा नसतो. म्हणून हातांनी उपचार करणाऱ्या ऑस्टिओपॅथीचा येथे विचार करायचा आहे.

ही पद्धत अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टराने १८७४ मध्ये मांडली. हाडे, सांधे, स्नायू चाचपून, दाबून, ताणून शरीराची हालचाल सुधारणे हा तिचा गाभा. रोगांचे मूळ हाडांच्या बिघाडात असते, हा स्टिलचा दावा मात्र विज्ञानाने मान्य केलेला नाही. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने या व्यावसायिकांची नोंदणी होते. पण कंबरदुखीवर हस्तोपचार करायचे तर व्यायामाच्या जोडीनेच, असे तेथील २०१६ ची अधिकृत मार्गदर्शिका सांगते.

आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना भोर समितीने १९४६ मध्ये मांडली. सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक केंद्र, हा निकष. तेथे ऑस्टिओपॅथचे पद नाही. ते निर्माण करावे, अशी माझी मागणी नाही. मागणी त्या कामाची आहे. दुखरे अंग हाताने तपासले जावे. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट वस्तीच्या जवळ मिळावा. पाय बधिर झाला, लघवीवरचा ताबा सुटला, तर चोळत न बसता रुग्णाला तातडीने मेडिकलला पाठवले जावे. हे ओळखण्याचे शिक्षण केंद्रातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हवे.

परंतु एवढ्यानेही प्रश्न सुटत नाही. आज सैल केलेल्या पाठीवर उद्या तेच पोते येणार असेल, तर कुशल हातही हरतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी, अशी शिफारस केली. वडील क्विंटलचे पोते उचलीत. ओझे कोणाच्या पाठीवर यावे, हे या देशात जातीने ठरवले. म्हणून पाठदुखी हा केवळ वैद्यकाचा विषय नाही. दवाखान्यात स्पर्श मागताना बाजारात ओझे कमी करण्याचीही मागणी आपण केली पाहिजे.