यंत्रकवच आणि लूट : ‘डीमन एक्स माकिना’ या व्हिडिओ गेमच्या रचनेचे विवेचन

प्रास्ताविक

व्हिडिओ गेमविषयी अध्यापक-कक्षात होणारी चर्चा बहुधा ‘विद्यार्थ्यांचा वेळ वाया जातो’ या एका वाक्यापाशी येऊन थांबते. हे वाक्य सर्वस्वी असत्य नाही. परंतु खेळ कशाच्या बळावर खेळणाऱ्यास धरून ठेवतो हे समजून न घेता केलेला उपदेश विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नाही. एकदा या विषयावर बोलत असताना एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकास विचारले, “सर, मी पैसे कुठे लावतो? मी तर फक्त खेळतो.” या प्रश्नास त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराच्या शोधाचा एक प्रयत्न आहे. त्यासाठी ‘डीमन एक्स माकिना’ हा जपानी खेळ उदाहरणादाखल घेतला असून विवेचन तो स्वतः खेळून केलेले आहे.

मेका : संकल्पना व परंपरा

जपानी चित्रकथा व अ‍ॅनिमे यांमध्ये माणसाने चालवावयाच्या महाकाय यंत्रास ‘मेका’ असे संबोधले जाते. स्वतःच्या बुद्धीने वागणाऱ्या यंत्रमानवाहून ही कल्पना भिन्न होय. मित्सुतेरु योकोयामा यांच्या ‘तेत्सुजिन २८-गो’ (१९५६) या चित्रकथेतील यंत्र दुरून नियंत्रित होत असे. गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ (१९७२) मध्ये चालक प्रत्यक्ष यंत्राच्या मस्तकात जाऊन बसला. योशियुकी तोमिनो दिग्दर्शित ‘मोबाइल सूट गंडम’ (१९७९) या मालिकेने यंत्राचे अद्भुतत्व कमी केले. कारखान्यात तयार होणारे व मोडणारे लष्करी साहित्य असे त्यास रूप दिले. यंत्र जर सुट्या भागांचे असेल तर ते भाग बदलताही येतील, या तर्काचा खेळातील आविष्कार म्हणजे फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेचा ‘आर्मर्ड कोअर’ (१९९७) होय. त्यात लढण्याइतकेच महत्त्व यंत्राच्या जुळणीस होते.

‘डीमन एक्स माकिना’ याच परंपरेतील आहे. मार्व्हलस या जपानी कंपनीचा हा खेळ सप्टेंबर २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विच या यंत्रावर व २०२० मध्ये संगणकावर उपलब्ध झाला. त्याचे निर्माते केनिचिरो त्सुकुदा यांनी पूर्वी ‘आर्मर्ड कोअर’ मालिकेवर काम केले होते, तर यंत्रांचे आरेखन ‘मॅक्रॉस’ (१९८२) या अ‍ॅनिमेमुळे ख्यातनाम झालेल्या शोजी कावामोरी यांचे आहे.

खेळाचे स्वरूप

चंद्राचा तुकडा पृथ्वीवर कोसळल्यानंतरच्या काळात ही कथा घडते. त्या आपत्तीतून पसरलेल्या ‘फेम्टो’ नामक ऊर्जेमुळे यंत्रे माणसांवर उलटली आहेत व काही माणसांना विशेष शक्ती लाभली आहे. अशा माणसांपैकी एक भाडोत्री योद्धा म्हणजे खेळाडू. तो ‘आर्सेनल’ नावाच्या यंत्रकवचात बसून मोहिमांवर जातो. आकाशाच्या तांबूस छटा, ठळक रेषा व भडक रंग यांमुळे पडद्यावरील दृश्य अ‍ॅनिमेसारखे भासते.

आर्सेनलचे मस्तक, धड, दोन्ही हात व पाय हे सुटे भाग असून हातांत, खांद्यावर व पाठीवर शस्त्रे लावता येतात. कोणत्याही भागाचा लाभ निव्वळ नसतो. एकाने संरक्षण वाढते तर वेग घटतो; दुसऱ्याने नेम सुधारतो पण यंत्राची स्मृतिक्षमता अधिक खर्ची पडते. लढाईत हात तुटून पडला तर त्यातील शस्त्रही जाते. थोडक्यात, मोहिमेपूर्वीची जुळणी हाच डावाचा पहिला अर्धा भाग असतो.

लुटीची संकल्पना

इंग्रजीतील ‘लूट’ हा शब्द हिंदीतून तेथे गेलेला आहे. मराठीत या शब्दास दोन छटा आहेत. दरोड्यातील लूट निंद्य, तर विजयादशमीस सीमोल्लंघनानंतर लुटले जाणारे आपट्याचे सोने मंगल. व्हिडिओ गेमच्या परिभाषेत पराजित शत्रूकडून वा सापडलेल्या पेटीतून मिळणारे साहित्य म्हणजे लूट. फाशांवर खजिना ठरविण्याची पद्धत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या बैठ्या खेळात रूढ झाली. ‘रोग’ (१९८०) या संगणकीय खेळातही वस्तू यदृच्छेने विखुरलेल्या असत. पुढे १९९६ च्या अखेरीस आलेल्या ‘डायाब्लो’ने ही पद्धत सर्वदूर लोकप्रिय केली.

‘डीमन एक्स माकिना’तील लुटीचा विशेष असा की ती बव्हंशी आधी दिसते. ज्या तोफेने आपले कवच फोडले तीच तोफ, शत्रू पडल्यानंतर, त्याच्या भग्न यंत्राजवळ जाऊन घेता येते. मात्र इतर शत्रू त्या वेळी थांबून राहत नाहीत. त्यामुळे काय घ्यावे आणि त्यासाठी किती धोका पत्करावा, याचा निर्णय क्षणार्धात करावा लागतो. येथे लूट ही निरीक्षणाची व धैर्याची फलश्रुती ठरते. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टायटॅनिक सायन’ या पुढील भागात आर्सेनल अंगावर चढविण्याच्या चिलखताइतके लहान झाले असून मोहिमांऐवजी विस्तीर्ण भूप्रदेशात संचार करता येतो. लुटीचे तत्त्व मात्र कायम आहे.

कौशल्य आणि यदृच्छा

फ्रेंच विचारवंत रोजे काय्वा यांनी १९५८ साली खेळांचे जे वर्गीकरण केले त्यात स्पर्धा व दैव हे दोन वर्ग परस्परविरोधी मानले आहेत. बुद्धिबळ पहिल्या वर्गातील, सापशिडी दुसऱ्या. लूटप्रधान खेळ या दोहोंची सांगड घालतो. जिंकणे कौशल्यावर, परंतु हवा तो भाग हाती येणे काही अंशी दैवावर अवलंबून राहते.

याच ठिकाणी धोका संभवतो. फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ मध्ये प्रबलनाविषयी जे विवेचन केले त्यानुसार, बक्षीस कितव्या प्रयत्नास मिळेल हे अनिश्चित असेल तर प्राणी ती कृती अधिक चिकाटीने करीत राहतो. नाणे टाकून चालवावयाचे जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते. एखाद्या भागासाठी तीच मोहीम पाचव्या-सहाव्यांदा खेळताना प्रस्तुत लेखकास हे स्वतःच्या बाबतीत जाणवले. लढाईतील आनंद ओसरला होता. उरली होती ती केवळ ‘या खेपेस मिळेल’ ही आशा.

तथापि एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. या खेळात पैसे भरून यदृच्छ बक्षिसाची पेटी उघडण्याची सोय नाही. जेथे ती असते तेथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. जपानमध्ये २०१२ साली ‘कोम्पु गाचा’ या प्रकारच्या सशुल्क सोडतीस कायद्याच्या आधारे आळा घालण्यात आला. बेल्जियममधील नियामक संस्थेने २०१८ मध्ये काही खेळांतील सशुल्क पेट्या जुगारात मोडतात असा निर्वाळा दिला. भारतीय संसदेने २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी केलेला कायदाही पैसे लावून खेळावयाचे खेळ व अन्य खेळ यांत फरक करतो.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत देता येईल. ‘मी पैसे लावत नाही’ हे त्या विद्यार्थ्याचे म्हणणे रास्त होते व त्यास जुगारी ठरविणे अन्यायाचे झाले असते. परंतु पैसे न लावणाराही वेळ लावतोच, आणि अनिश्चित बक्षिसाची ओढ दोन्हीकडे सारखीच असते. म्हणून अध्यापकाने विद्यार्थ्यास ‘किती तास खेळतोस?’ एवढेच न विचारता ‘लूट खेळासाठी चालली आहे की खेळ लुटीसाठी?’ असेही विचारावे. नवीन भाग लावून नव्या रीतीने लढण्याची उत्सुकता असेल तर तो खेळ आहे. मिळालेला भाग न वापरताच पुढच्याची वाट पाहणे सुरू झाले असेल तर थांबण्याची वेळ आली आहे. हा भेद विद्यार्थ्यास स्वतःच ओळखता येतो. मात्र त्यासाठी विचारणाऱ्यास खेळ ठाऊक असावा लागतो.