गाळण्यापासून घंटागाडीपर्यंत

विहिरीचे पाणी गाळल्यावर गाळण्यात उरलेले सूक्ष्म जीव पुन्हा त्याच विहिरीत अलगद सोडावयाचे, ही जिवाणीची रीत जुन्या पिढीतील श्राविकांना सांगावी लागत नसे. गाळणे उलटे करून गाळलेल्याच पाण्याने धुवावयाचे आणि ते पाणी जेथून आणले तेथेच पोहोचवावयाचे. आज नाशिकच्या घरोघरी गंगापूर धरणाचे पाणी नळाने येते. जिवाणी परत नेण्याची वाट उरलेली नाही. जयणेचा प्रश्न मात्र आता मोरीपाशी येऊन थांबला आहे.

पुष्कळ घरांत पाणी आधी आरओ यंत्रातून काढतात आणि मग उकळतात! हे यंत्र जितके पाणी शुद्ध करते, त्याहून अधिक बहुधा मोरीत सोडते. पाण्यातील विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तेथे अशी यंत्रे नकोत, असा निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली दिला. क्षार मोजून घेणे फार खर्चाचे नाही. ते कमी निघाले, तर गाळणे व उकळणे पुरेसे आहे. बोअरच्या पाण्याची गोष्ट निराळी. तेथे यंत्रातून बाहेर पडणारे पाणी निदान फरशीसाठी बादलीत धरता येते.

याहून अवघड प्रश्न ओल्या कचऱ्याचा. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. त्यापुढे जाऊन घरीच खत करावे, असा आग्रह असतो. परंतु ओलसर, शिळ्या अन्नात जीवोत्पत्ती होते, आणि खताच्या कुंडीत तर ती मुद्दाम घडवावी लागते. अनेक श्राविका येथे कचरतात ते आळसामुळे नव्हे. त्यांची शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मात्र तोच कचरा पिशवीत बांधून टाकल्याने जीवोत्पत्ती टळत नाही, केवळ नजरेआड होते. शिवाय रस्त्यावरची गाय तो पिशवीसकट गिळते. त्यापेक्षा भाजीचे ताजे देठ-साली विचारून पांजरपोळीत द्याव्यात, काही उन्हात खडखडीत वाळवाव्यात आणि उरलेले त्याच दिवशी, पिशवीविना, घंटागाडीत द्यावे. महापालिकेच्या खतप्रकल्पातही सूक्ष्म जीवच काम करतात, हे खरे. तेव्हा कचरा मुळात कमी होणे हाच निर्दोष उपाय.

तो उपाय घरात जुनाच आहे : ताट धुऊन पिणे. अडते ते स्वामीवात्सल्यात. तेथे कागदी पेल्यांचे ढीग साचतात, आणि त्या पेल्यांना आतून प्लॅस्टिकचा थर असतो. स्टीलची ताटे घासावयास माणसे मिळत नाहीत, ही कार्यकर्त्यांची अडचण खरी आहे. परंतु ज्या पंगतीत प्रत्येक जण आपले ताट धुऊन पितो, तेथे घासणाऱ्याचे निम्मे काम आधीच उरकलेले असते.